आत ओढलेला होकार

नानांच्या हातातून वरणाची वाटी पडली, ती जुईने पोळीला हो म्हटलं म्हणून. कारण एवढंच. नाना माझे वडील, त्यांना सांगलीहून आमच्याकडे परदेशात, उमेओला येऊन आठवडाही झाला नव्हता. एप्रिल लागला होता तरी पार्किंगच्या कडेला बर्फाचा काळपट ढीग तसाच पडून होता, आणि मी तव्यावरची शेवटची पोळी उतरवत होते. "जुई, अजून एक वाढू?" नानांनी विचारलं. आमच्या लेकीने ताटातून मान वर न करता ओठांचा चंबू केला आणि श्वास आत ओढला. श्वुप्. फार गरम चहाचा पहिला घोट भुरकावा, तेवढाच आवाज. नाना ताडकन उठले. वाटी फरशीवर, वरण चारी दिशांना, आणि हे जुईच्या पाठीवर थापा मारायला लागलेले. "काय अडकलं? घशात काय अडकलं तिच्या? अवू, पाणी आण आधी!" जुई भेदरून माझ्याकडे बघायला लागली. पराग, म्हणजे माझा नवरा, असल्या वेळी हसतो. तो हसत म्हणाला, "नाना, काही अडकलं नाही. हो म्हणाली ती." नानांचा हात तिच्या पाठीवरच राहिला. "हो म्हणाली? असं?" "इथं असंच म्हणतात. तोंड उघडायचा कंटाळा. श्वास आत घेतला की हो." नानांनी एकदा जुईकडे पाहिलं, एकदा परागकडे. मग ते खाली बसून वरण पुसायला लागले. मी फडकं मागितलं, पण दिलं नाही. तीच फरशी पुन्हा पुन्हा पुसत राहिले. माणूस दचकला की असं करतोच, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून नानांनी जुईला काही विचारणंच सोडलं. बोलायचे, लाड करायचे, पण ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येईल, ते काही विचारायचे नाहीत. "जुई, हे दूध घे," म्हणायचे, "दूध हवं का?" नाही. जन्मभर एसटी स्टँडवर कंट्रोलर असलेला हा माणूस. लहानपणी आम्हाला "बघते, करते" असलं उत्तर चालायचं नाही. "हो तर हो म्हण, नाही तर नाही म्हण. गाडी सुटायची आहे की थांबायची आहे, लोकांना कळायला नको?" असं बजावून त्यांनी मला वाढवलं. तो माणूस आता नातीला प्रश्न विचारायला कचरत होता. मला राग यायचा. वाटायचं, पोर परकी वाटायला लागली यांना. शाळेतली बाई तिला 'यूई' म्हणते, कारण इथं ज चा य होतो, हे कळलं तेव्हाही ते नुसतं "बरं" म्हणाले होते. इतकं थंड 'बरं' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर राग जुना होता, आणि त्याचा जुईशी काही संबंध नव्हता. गेल्या वर्षी आई गेली, तेव्हा नानांनी मला फोन केला तो सगळं संपल्यावर. मी पोचले तेव्हा घरात सतरंज्या घातलेल्या होत्या आणि आई नदीवर जाऊन आलेली होती. माझ्यासाठी थांबता आलं नसतं हे मला कळतं. पार उत्तरेच्या टोकाच्या या उमेओहून सांगली म्हणजे काही बाजारातून घर नव्हे. पण आधी, ती असताना, शुद्धीवर असताना, यांना फोन लावावासा का वाटला नाही? कानाशी धरला असता तरी पुरे होतं. आणि तिने शेवटी माझं नाव तरी काढलं का? एवढंच मला विचारायचं होतं. तिकीट काढून, इमिग्रेशनच्या कागदांवर सह्या करून मी नानांना इकडे बोलावलं ते हवापालटासाठी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला हे विचारायचं होतं, आणि ते इथे, आपल्या जागेत बसून विचारायचं होतं. सांगलीच्या त्या घरात माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. इथेही फुटत नव्हता.

बर्फाचा ढीग रोज थोडा थोडा कमी होत गेला आणि खालून हिवाळाभरची बारीक खडी वर आली. मग एक दिवस झाडूगाडी आली. नाना बाल्कनीत कानटोपी घालून तिचं काम संपेपर्यंत उभे. "अगं, पाय घसरू नये म्हणून टाकलेली खडी हे परत गोळा करून नेतात? आमच्याकडं टाकलेलीच कुणाला सापडत नाही!" मी हसले, तेही हसले, आणि मला वाटलं, विचारावं आत्ताच. तेवढ्यात खालून गुनवोर ओरडली. गुनवोर आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहते, सत्तरीच्या पुढची आहे, आणि इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीवर तिची सत्ता आहे. कपडे धुण्यासाठी मला नेमून दिलेली वेळ संपून गेली होती आणि माझे कपडे अजून यंत्रात होते. "अवंती! तुझ्या चादरींनी काय तिथं घर भाड्यानं घेतलंय का?" असं ती ओरडली. मी धावत खाली गेले, आणि पाठोपाठ नानाही उतरले, बाईमाणसाचं बोलणं काय चाललंय ते बघायला.

त्या दिवसापासून त्यांची गट्टी जमली. दुपारी ऊन इमारतीच्या पुढच्या बाकावर यायचं आणि त्याबरोबर ही दोघंही यायची. गुनवोर थर्मासमधून कॉफी आणायची, नाना डब्यातून चुरमुरे न्यायचे. नानांचं इंग्रजी म्हणजे स्टँडवरचं, परदेशी पाहुण्यांना रत्नागिरीची गाडी दाखवण्यापुरतं, आणि गुनवोरचंही तेवढंच. मी दातांच्या कारखान्यातून परत यायची (तिथं मी दंतवैद्यांनी पाठवलेल्या साच्यांवरून दात घडवते), तेव्हा लांबूनच नानांचा आवाज ऐकू यायचा. "सन गुड?" गुनवोर श्वास आत ओढायची. "कॉफी स्ट्राँग?" पुन्हा श्वास. "युवर हजबंड, गुड मॅन?" यावर तिने जरा विचार करून ओढला. मला हे विचित्रच वाटायला लागलं. नातीचा श्वास ऐकू आला की तोंड फिरवणारा माणूस या म्हातारीला दिवसभर प्रश्न विचारून तोच आवाज काढायला लावत होता. आणि ऐकताना मान किंचित कलती करायचे, इंजिनाचा आवाज नीट आहे ना हे ड्रायव्हरने ऐकावं तसे. "तुझे वडील फार विचारतात गं," गुनवोर मला जिन्यात म्हणाली. "बरं वाटतं. माझ्या नवऱ्यानं अख्ख्या संसारात एवढं विचारलं नाही." मी घरी आल्यावर नानांना म्हटलं, "छान चाललंय की तुमचं." ते म्हणाले, "भली बाई आहे." आणि मग भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती नाही म्हणताना काय करते गं?" "नाही म्हणते." "श्वास घेऊन म्हणत नाही?" "नाही. श्वास फक्त होला." "नक्की?" "इतकी वर्षं ऐकतेय नाना, नक्की." त्यांनी पुढची जुडी सोडवायला घेतली.

मला स्वतःला हा श्वास लागला तो इथे आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात. देश तसा वेश म्हणतात, पण वेश निदान आपण बघून अंगात घालतो. हे न कळत आलं. एका रविवारी आईशी फोनवर बोलताना ती म्हणाली, "तूप संपलं असेल ना?" आणि माझ्या तोंडून श्वुप् गेलं. आई किंचाळली. "काय झालं? चटका बसला काय गं? तवा सोड आधी!" मी समजावलं. ती ऐकून घेऊन हसत सुटली, इतकी की तिला ठसका लागला. मग तिला त्याचं वेडच लागलं. फोन नेहमी स्वयंपाकघरात चालायचा, आणि आमचं बोलणं चालू असताना नाना तिकडे फिरकायचे नाहीत, तेव्हा आमचं ते गुपितच होतं. "आई, जेवलीस का?" श्वुप्. "गुडघा दुखतोय का?" श्वुप्. "नाना चिडलेत का?" श्वुप्, श्वुप्. पहिल्या पहिल्यांदा तिला जमायचं नाही, आवाज फार मोठा यायचा, मिरचीचा ठेचा खाल्ल्यासारखा. मी म्हणायची, "अगं, हळू, इतकं मोठ्यानं हो म्हणालीस तर इथले लोक लग्नाची तारीख काढतील." ती गेल्यावर मी हे सगळं मनातून बाजूला ठेवून दिलं होतं. आठवायचं ते तिचं अचानक जाणं आणि न आलेला फोन. चांगलं आठवायला धीर लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या संध्याकाळी नदीकाठी होळी पेटवतात. आपल्यासारख्या बोंबा नाहीत, शिव्या नाहीत. लोक खिशात हात घालून उभे राहतात आणि थंडी गेली म्हणून एकमेकांना सांगत थंडीत कुडकुडतात. पराग जुईला खांद्यावर घेऊन पुढे गेला. नाना ज्वाळांकडे पाठ करून उभे होते. मीही तिकडे फार बघू शकले नाही. माझ्या वाट्याला आईच्या चितेची फक्त राख आली होती, मडक्यात भरलेली, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली. आम्ही दोघं त्या होळीपाशी खांद्याला खांदा लावून पाठमोरे उभे राहिलो, समोर नदीवरचा बर्फ तडकत होता. परत येताना नाना एवढंच म्हणाले, "लाकूड फार चांगलं होतं." परागने बर्च झाडाबद्दल सांगायला सुरुवात केली. तो विद्यापीठात झाडांवर काम करतो, नावाला जागून. घर येईपर्यंत तो बोलत राहिला.

मे महिना इथे उशिरा उठणाऱ्या मुलासारखा. दुपारपर्यंत लोळत पडतो आणि मग एकदम धावपळ. एका आठवड्यात बर्चला पानं फुटली. नानांनी आणि गुनवोरने इमारतीमागच्या वाफ्यात बटाटे लावले, वाफा सरळ की तिरका यावरून भांडण केलं, आणि दोघांनीही आपापली बाजू माझ्याकडे येऊन मांडली. उजेड मावळायचं विसरला. नानांना झोप येईना, म्हणून परागने त्यांच्या खिडकीला काळं कापड लावलं. मी मात्र रोज ठरवायची, आज विचारायचं. चहाच्या वेळी ठरवायची आणि चहा गार व्हायचा. एके दिवशी जुईच्या वेण्या घालत होते तर ती म्हणाली, "आजोबांना मी आवडत नाही का?" "असं का म्हणतेस?" "ते गुनवोरला विचारतात. मला काहीच विचारत नाहीत." तिच्या मराठीला इथल्या बोलीचा हेलकावा आहे, वाक्य शेवटाला वर उडतं, त्यामुळे तक्रारसुद्धा गाण्यासारखी वाटते. मी तिची वेणी पुन्हा सोडून पुन्हा घातली. मला नानांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा आला. एक म्हातारा, एक पोर आणि मी, तिघंही आपापला प्रश्न गिळून एका टेबलावर जेवत होतो. नानांचं परतीचं तिकीट जूनच्या मध्यावरचं होतं.

ते जायच्या आधी जुईच्या शाळेचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी मुलं पांढरे कपडे घालतात, डोक्यावर फुलांचे मुकुट, आणि शाळेच्या दाराला बर्चच्या डहाळ्या बांधतात, तोरणासारख्याच. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मैदानात मुलांनी गाणी म्हटली, वारा सगळे शब्द नदीकडे घेऊन गेला, तरी सगळ्या आयांचे डोळे भरून आले. जुईच्या केसांचा मी मधोमध भांग पाडला होता. कपाळ मोठं दिसत होतं, आईचं होतं तसंच. गाणी संपल्यावर तिची बाई आम्हाला भेटायला आली. "तुम्ही यूईचे आजोबा ना? तिनं तुमचं खूप सांगितलंय." मी नानांना ते मराठीत सांगितलं. बाई वाकून जुईला म्हणाली, "आजोबा गेल्यावर त्यांची आठवण येईल ना गं?" मी तेही नानांना हळूच मराठीत सांगितलं. जुईने नानांकडे पाहिलं, सरळ डोळ्यात, आणि श्वास आत ओढला. अगदी हळू. नाना जागीच उभे राहिले. मग बाईंना नमस्कार केला आणि वळून नदीच्या वाटेने चालायला लागले. पराग म्हणाला, "ऊन लागलं का त्यांना?" मी त्याला जुईकडे लक्ष द्यायला सांगून मागे धावले.

ते काठावरच्या बाकावर बसले होते. नदी भरून वाहत होती, पलीकडच्या काठाला कुणी होडीला रंग देत होतं. मी शेजारी बसले. बोलायचं ते मीच, असं मनाशी ठरवून आले होते, पण नाना आधी बोलले.

"अवू, एक विचारू?"

"विचारा की."

"हे श्वासाचं. इथल्या लोकांना लहानपणापासूनची सवय. पण ज्यानं कधी ऐकलंच नाही, तो माणूस असं हो म्हणेल काय?"

"कोण माणूस?"

नाना पाण्याकडे बघत होते. "तुझी आई," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी चहा केला मी. ती म्हणाली नको, छातीत कसंतरी होतंय. शेजारचा अनिल रिक्षा आणायला पळाला. मला तर काही सुचेना. तिचा हात धरला आणि विचारलं, अवूला फोन लावू का? तिनं माझ्याकडं बघितलं. आणि असा श्वास घेतला." त्यांनी तो करून दाखवला नाही. "मी उत्तराची वाट बघत बसलो गं. फोन हातात होता माझ्या. माझी सवय तुला ठाऊक आहे, हो का नाही ते तोंडानं सांगायला पाहिजे. वाट बघितली, बघितली. श्वास बाहेर आलाच नाही." मग म्हणाले, "मला वाटलं, उत्तर न देताच गेली. रागानं गेली असंही वाटलं. आणि इथं आलो तर जुई ताटावर बसून तस्साच... आणि पराग म्हणतो, श्वास आत घेतला की हो. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही."

'तो नुसता श्वास होता नाना,' असं मला म्हणता आलं असतं. पराग तेच म्हणाला असता, आणि शास्त्राप्रमाणे बरोबरही असतं. नाना हलके होऊन विमानात बसले असते. पण स्वयंपाकघरात फोन कानाशी धरून हसणारी आई माझ्यापुढे उभी राहिली होती, आणि तिला आता बाजूला ठेवणं मला जमेना. खरं सांगितलं तर मला हवं होतं ते मिळणार होतं, आणि त्याची किंमत नानांना पडणार होती. हातात फोन असताना उत्तर मिळूनही ते नुसते बसून राहिले, हे त्यांना जन्मभर वागवावं लागणार होतं. आणि त्यांनी प्रश्न सरळ विचारला होता. हो तर हो, नाही तर नाही.

"आईला येत होतं ते," मी म्हणाले.

"काय?"

"हा श्वास. मीच शिकवला होता. फोनवर आम्ही दोघी तसंच बोलायचो. कितीतरी वर्षं. तिला माहीत होतं त्याचा अर्थ काय."

नानांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "मला कधी बोलली नाही."

"तुम्ही हसला असतात."

"हसलो असतो," ते म्हणाले. मग बराच वेळ होडीवाल्याचा ब्रश वरखाली होताना आम्ही पाहत राहिलो. मला वाटत होतं, त्यांचा हात धरावा, आणि तेही जमत नव्हतं. मी रडत होते. त्यात दुःख किती होतं मला सांगता येणार नाही, कारण आईने मला बोलावलं होतं, मला, आणि वर्षभर मी ते नाही असं समजून जगत होते. "मग मी लावायला पाहिजे होता," नाना म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. त्यांना खोटं चाललं नसतं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला. परागने घालून दिलेलं इथलं कार्ड, मोठी अक्षरं. चष्मा लावून ते माझं नाव शोधत राहिले. माझ्या पिशवीत फोन वाजायला लागला.

"नाना, मी इथंच आहे."

"उचल की."

मी उचलला. नाना नदीकडे तोंड करून ताठ बसले होते, स्टँडवर माइकसमोर बसायचे तसे.

"अवू," ते म्हणाले, एकदा शेजारून आणि एकदा कानात. "आई बोलावतेय गं तुला."

मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि श्वास आत गेला.

"ऐकू आलं," नाना म्हणाले.